जिम्नॅस्टिक्सची साधने आणि पाच सेंटीमीटरचा फरक

टीव्हीवर जिम्नॅस्टिक्स पाहताना आपले सारे लक्ष खेळाडूकडे असते. साधनाकडे क्वचितच नजर जाते. पण ज्यांची मुले-नातवंडे हा खेळ शिकत आहेत, त्यांनी साधनांचीही थोडी ओळख करून घ्यावी.

आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्समध्ये पुरुषांसाठी सहा प्रकार असतात: फ्लोअर, पॉमेल हॉर्स, रिंग्ज, व्हॉल्ट, पॅरलल बार आणि हॉरिझॉन्टल बार. शेवटच्या दोघांना आपल्या व्यायामशाळांत डबलबार आणि सिंगलबार म्हणतात. महिलांसाठी व्हॉल्ट, अनइव्हन बार, बीम आणि फ्लोअर असे चार प्रकार आहेत. प्रत्येक साधनाचे माप ठरलेले असते. बीम ५ मीटर लांब, १२५ सेंटीमीटर उंच आणि रुंदीला फक्त १० सेंटीमीटर. फ्लोअर १२ मीटर लांब-रुंद. व्हॉल्टची उंची पुरुषांसाठी १३५, तर महिलांसाठी १२५ सेंटीमीटर.

ही मापे इतकी काटेकोर का, हे २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये जगाने पाहिले. महिलांच्या वैयक्तिक सर्वसाधारण अंतिम फेरीत व्हॉल्ट चुकून १२० सेंटीमीटरवर लावला गेला. एकामागून एक नामवंत खेळाडू पडू लागल्या. रशियाची स्वेतलाना खोर्किना हीसुद्धा गुडघ्यांवर आली. अखेर ऑस्ट्रेलियाच्या अलाना स्लेटरला उंचीची शंका आली, तेव्हा मोजमाप होऊन चूक उघड झाली. पुन्हा उडी मारण्याची संधी दिली गेली. पण खोर्किना तोवर बारवरूनही पडली होती आणि तिचे पदक हुकले होते.

पाच सेंटीमीटर म्हणजे जेमतेम तीन बोटे. मग एवढे का बिघडले? खेळाडू वेगाने धावत येते, स्प्रिंगबोर्डवर उसळी घेते आणि क्षणभरच हात टेकवून वर झेपावते. तिथे विचार करायला वेळ नसतो. हजारो वेळा केलेल्या सरावातून शरीराला उंची पाठ झालेली असते. साधन खाली गेले की हात उशिरा टेकतात, धक्का कमी मिळतो आणि गिरकी पुरी होत नाही.

त्या काळी व्हॉल्टसाठी लांबट, अरुंद 'घोडा' वापरत. २००१ पासून त्याच्या जागी रुंद टेबल आले. हात टेकायला जास्त जागा मिळाल्याने धोका कमी झाला. स्प्रिंगबोर्डभोवती आता जाड गादीचे कडे ठेवतात, त्यालाही कारण आहे. १९८८ मध्ये जपानमध्ये सराव करताना अमेरिकेच्या ज्युलिसा गोमेझचा पाय स्प्रिंगबोर्डवरून निसटला आणि डोके घोड्यावर आदळले. त्या दुखापतीतून ती सावरली नाही. १९९१ मध्ये तिचे निधन झाले. कार्टव्हीलसारखी झेप घेऊन, व्हॉल्टकडे पाठ करून स्प्रिंगबोर्डवर उतरायच्या उडीत हे कडे आज सक्तीचे आहे.

म्हणून मुलांना वर्गात घालताना फीबरोबर काही गोष्टी अवश्य विचाराव्यात. साधनाची उंची मुलांच्या वयानुसार कमी-जास्त होते का? गाद्या पुरेशा जाड आहेत का, त्यांच्यामध्ये फटी राहतात का? नवी उडी आधी फोमच्या खड्ड्यात शिकवतात का? आणि मुलाला साधन वेगळे वाटले, तर त्याने थांबून तसे सांगावे, हे घरीच शिकवावे. सिडनीतही चूक सापडली ती एका खेळाडूने विचारल्यामुळेच.