एकोणीस एकांची मूळ संख्या

नांदेडचा पिन कोड ४३१६०१ आणि लातूरचा ४१३५१२. या मूळ संख्या आहेत का? लातूरची संख्या सम आहे. नांदेडच्या संख्येतील अंकांची बेरीज १५ येते, म्हणून तिला ३ ने भाग जातो. दोन्हींचा निकाल क्षणात लागला!

आता ही संख्या घ्या: १११११११११११११११११११. हिच्यात १९ एक आहेत. २, ३, ५, ११ यांच्या सोप्या कसोट्या हिच्यापुढे निष्फळ ठरतात.

नुसत्या एकांच्या संख्या मोठ्या गमतीच्या. देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांना त्यांचे वर्ग फार आवडत. ११११ चा वर्ग १२३४३२१ येतो. अशा संख्यांना त्यांनी ‘डेम्लो संख्या’ असे नाव दिले. पण आपला प्रश्न वेगळा आहे: एकांची संख्या मूळ केव्हा असते?

सहा एक घ्या. १११११११ नव्हे, १११११११ मधला एक कमी, म्हणजे ११११११. त्यांचे दोन-दोनचे गट पडतात, म्हणून त्यांना ११ ने भाग जातो. तेव्हा एकांची संख्या मूळ असायची तर किती एक आहेत तो आकडाही मूळच हवा. पण तेवढे पुरत नाही. सात एक म्हणजे २३९ × ४६४९.

१९ एकांचे वर्गमूळ १०५ कोटींच्या थोडे पुढे जाते. तिथपर्यंत पाच कोटींहून अधिक मूळ संख्या आहेत. सेकंदाला एक भागाकार केला, तरी अहोरात्र दीड वर्षाहून अधिक काळ लागेल!

येथे फर्मा यांचे प्रमेय मदतीला येते. ५ पेक्षा मोठी कोणतीही मूळ संख्या ‘प’ घ्या. (प - १) एकांच्या संख्येला ‘प’ने भाग जातोच. उदाहरणार्थ, ७ ने सहा एकांना भाग जातो. शिवाय, ‘प’ने भाग जाणारी एकांची सर्वांत लहान रांग जेवढी लांब असेल, तिच्या पटीतल्या रांगांनाच ‘प’ने भाग जातो. १९ एकांना ‘प’ने भाग गेला, तर ही लांबी १९ चा विभाजक हवी. ती १ असू शकत नाही, म्हणून १९ च. म्हणजेच (प - १) ही १९ ची पट. ती समही आहे, म्हणून ३८ ची पट.

आता फक्त १९१, २२९, ४१९ अशाच मूळ संख्या तपासायच्या. अठरा भागांपैकी सतरा भाग काम वाचले! दीड वर्षाचे काम सुमारे पाच आठवड्यांवर आले.

पाच एकांवर ही युक्ती करून पाहा. येथे (प - १) ही १० ची पट हवी. ११ आणि ३१ ने भाग जात नाही, पण ४१ ने जातो: ४१ × २७१ = ११११११ नव्हे, तर नेमके पाच एक, १११११.

१९ एकांची संख्या मात्र खरोखरच मूळ आहे. ऑस्कर हॉप्पे यांची सिद्धता १९१८ साली प्रसिद्ध झाली. तेव्हा इलेक्ट्रॉनिक संगणक नव्हते. त्यापुढे २३, ३१७ आणि १०३१ एकांच्या संख्याही मूळ ठरल्या. शेवटचीची सिद्धता १९८६ ची. अशा संख्या अनंत आहेत का, याचे उत्तर अजून कोणालाही सापडलेले नाही.

आता तुमची पाळी. १३ एकांच्या संख्येचा सर्वांत लहान मूळ अवयव शोधा. पहिल्याच भागाकारात तो हाती लागेल!