फांदीवरची माती

आमच्या आजोळी, सावंतवाडीकडे, परसातल्या जुन्या आंब्यावर बाशिंग होतं. नेच्याच्या जातीची ही वनस्पती. तिला दोन तऱ्हेची पानं येतात. लांब हिरवी पानं पावसाळाभर डोलतात आणि उन्हाळ्यात गळून जातात. दुसरी आखूड, तपकिरी, कागदासारखी कुरकुरीत. ती फांदीला ओंजळ धरल्यासारखी चिकटून राहतात. या ओंजळीत आंब्याचा पाचोळा, धूळ, पाखरांची शीट साचते, कुजते, आणि जमिनीपासून वीस फुटांवर चक्क माती तयार होते. बाशिंग तिच्यावर जगतं. आंब्याच्या अंगात ते मूळ खुपसत नाही. तरीही चार वर्षांपूर्वी झाड साफ करायला आलेल्या गड्यांनी 'बांडगूळ' म्हणून ते कोयत्याने खरवडून टाकलं.

बांडगूळ झाडाचा रस ओढतं. बाशिंग, फांद्यांवरची ऑर्किडं, शेवाळ ही अपिवनस्पतींची मंडळी फक्त बसायला जागा मागतात. दोघांना एकाच नावाने हिणवलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

या वरच्या मातीचा माग ज्यांनी काढला त्या नलिनी नाडकर्णी. आडनाव आपल्या ओळखीचं. वडील भारतातून अमेरिकेत गेलेले, आई ब्रुकलिनच्या ज्यू घरातली. त्या संशोधनाला लागल्या तेव्हा जंगलाचा अभ्यास बहुतेक जमिनीवरूनच चाले. वरचं दुर्बिणीतून बघायचं, नाहीतर पडलेल्या फांदीवरून ताडायचं. वर जायची विद्या गिर्यारोहकांकडून आली. कोस्टा रिकात डोनाल्ड पेरी यांनी ती १९७०च्या दशकात जंगलासाठी बसवली आणि नाडकर्णी त्यांच्याकडून शिकल्या. आधी बाणाने किंवा गलोलीने गळाची बारीक तंगूस उंच फांदीवरून पलीकडे टाकायची. तिला सुतळी बांधून ओढायची, सुतळीला जाड दोर. मग कमरेला पट्टा कसून, दोरावर वर सरकणाऱ्या पण खाली न घसरणाऱ्या पकडींच्या आधाराने चढायचं. झाडाला एक खिळाही ठोकावा लागत नाही. हात आणि मांड्या मात्र भरून येतात.

वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिक द्वीपकल्पावरच्या पावसाळी रानात मोठ्या पानांचे मेपल आहेत. त्यांच्या फांद्यांवर शेवाळाची जाड गादी असते. अपिवनस्पतींचं वजन तिथे झाडाच्या स्वतःच्या पानांच्या सुमारे चौपट भरलं. नाडकर्णींनी ती गादी उचकटली, तेव्हा आतल्या मातीत मुळांचं जाळं होतं. एकेक मूळ बोटाने मागे मागे नेत गेल्यावर ते मेपलच्याच फांदीतून फुटलेलं निघालं! पाहुण्यांनी जमवलेल्या शिदोरीत यजमानाने हात घातला होता. १९८१मध्ये 'सायन्स'मध्ये हे छापून आलं.

पुढे यंत्रंही आली. ॲलन स्मिथ यांनी १९९०मध्ये पनामा सिटीतल्या रानात सुमारे ४२ मीटर उंचीची, इमारतींच्या बांधकामावरची क्रेन उभी केली. पाळण्यात बसून फांदीच्या अगदी टोकाच्या पानापर्यंत पोहोचता येऊ लागलं. दोर तिथवर नेत नाही. टोकाची डहाळी वजन पेलत नाही. क्रेन मात्र जागेला खिळलेली, आणि दोर पाठीवर टाकून कुठल्याही रानात जाता येतं. मला दोराचंच अप्रूप जास्त. त्यात धोका आहेच: २०१५मध्ये नाडकर्णी ऑलिंपिकच्याच रानात सुमारे पन्नास फुटांवरून कोसळल्या, अनेक हाडं मोडली. बऱ्या झाल्यावर त्या पुन्हा चढल्या.

फुलवाल्यांच्या सजावटीसाठी त्या रानांतून शेवाळ ओरबाडून नेलं जातं. गेलेलं परत कधी येतं? कोस्टा रिकातल्या मोंतेवेर्देच्या धुक्याच्या जंगलात नाडकर्णींनी फांद्यांचे तुकडे मुद्दाम खरवडून ठेवले आणि वर्षानुवर्षं पाहिले. दहा वर्षांनंतरही पहिल्यासारखी गादी जमलेली नव्हती. शेवाळ परतलं ते आधी फांदीच्या खालच्या अंगाला. रानातली ही लूट थांबावी म्हणून पुढे त्यांनी वॉशिंग्टनमधल्या एका तुरुंगातल्या कैद्यांना सोबत घेतलं आणि शेवाळ वाढवायच्या रीती शोधायला सुरुवात केली.

आजोळचा आंबा अजून उभा आहे. खरवडलेल्या फांदीवर चार पावसाळे गेले, वरून ती तुळतुळीतच दिसते. मे महिन्यात गेलो की मी आता झाडाखाली जाऊन मान वर करतो आणि फांदीचं पोट न्याहाळतो. यंदा तिथे नखाएवढा हिरवट डाग होता.