‘सेट’ : शब्द एक की अनेक?

इंग्रजीत सर्वांत अधिक अर्थ कोणत्या शब्दाचे, ह्या प्रश्नास दीर्घकाळ ‘सेट’ हेच उत्तर दिले जात असे. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत ह्या क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ नोंदविलेले आहेत. पुढे तिसऱ्या आवृत्तीच्या कामात, २०११ च्या सुमारास, ‘रन’ ह्या क्रियापदाने ६४५ अर्थांसह त्यास मागे टाकले. हे आकडे कौतुकाने सांगितले जातात. परंतु त्यांनी मोजले जाते ते काय, शब्दाचे सामर्थ्य की कोशकाराची विभागणी, हे क्वचितच विचारले जाते.

प्राचीन इंग्रजीतील ‘सेत्तान’ हे ‘सित्तान’ म्हणजे बसणे ह्या क्रियापदाचे प्रयोजक रूप होय. अर्थात ‘सेट’चा मूलार्थ ‘बसविणे’. संस्कृतातील ‘सद्’ धातूचे ‘सादयति’ हे रूप त्याच कुळातील आहे. मराठी ‘बसणे’ मात्र ‘उपविश्’पासून आलेले असल्यामुळे त्याचे ‘सेट’शी रक्ताचे नाते नाही. तरीही अर्थविस्ताराची वाट काही अंतर एकच दिसते : मोडलेले हाड आणि कोंदणातील हिरा इंग्रज ‘सेट’ करतो, मराठी माणूस ‘बसवितो’. पुढे वाटा फुटतात. घड्याळ व सापळा आपण लावतो, प्रश्नपत्रिका काढतो, किंमत ठरवितो. सूर्य मावळतो, सिमेंट घट्ट होते. ह्या सर्व ठिकाणी इंग्रजीस ‘सेट’ चालते.

म्हणून ‘सेट’चे तितके अर्थ मानावेत काय? तसे मानल्यास ‘लावणे’ची गतही तीच होईल. दिवा, दार, झाड आणि मलम ह्यांना लावण्यासाठी इंग्रजीस चार क्रियापदे लागतात; पण मराठी भाषकास येथे चार अर्थांची जाणीव असतेच असे नाही. भाषांतर ही अर्थगणनेची कसोटी नव्हे. ती केवळ दुसऱ्या भाषेची विभागणी पहिलीवर लादते.

त्याहून बरी कसोटी संयोगाची. ‘दार आणि खिडकी लावली’ हे वाक्य सरळ आहे. ‘दिवा आणि दार लावले’ ह्यावर ऐकणारा हसेल. येथे अर्थ खरोखर दोन आहेत. परंतु ‘मलम आणि पट्टी लावली’ कोणास खटकत नाही, वस्तुतः चोपडणे व चिकटविणे ह्या क्रिया भिन्न असूनही. सीमा अशी धूसर असल्यामुळे एक कोशकार जेथे दोन अर्थ पाहतो तेथे दुसरा पाच पाहू शकतो, आणि दोघांनाही चूक म्हणता येत नाही.

समूहवाचक ‘सेट’ची कथा निराळीच आहे. हे नाम प्राचीन फ्रेंचमार्गे लॅटिन ‘सेक्ता’पासून आले व पुढे क्रियापदाच्या अर्थाशी मिसळून गेले. इंग्रजी भाषकास आज दोन्हींत नाते भासते, ते मुळात नव्हते. गणितातील ‘सेट’ ह्याच नामाचा. त्यास मराठीने ‘संच’ हा समर्पक पर्याय दिला. बोलीत मात्र चहाचा सेट, दागिन्यांचा सेट रूढ झाले आणि त्यांच्या जोडीला ‘केस सेट करणे’, ‘आयुष्यात सेट होणे’ हेही आले. मराठी कोशात ह्यांच्या नोंदी दोन असाव्यात, आणि त्याचे कारण लॅटिन व्युत्पत्ती नव्हे : चहाच्या सेटचा केसांशी काही संबंध असेल, अशी शंका मराठी भाषकास येत नाही.