छप्पर गळालं, तर शेत गहाण

मिनांगकाबाऊ लोकांत आजी-पणजीकडून चालत आलेली भातशेती विकता येत नाही. गहाण ठेवायची मुभा रीतीने दिली आहे, तीही फक्त चार प्रसंगी. घरात मयत झाली आणि अंत्यविधीला पैसा नाही. मुलगी उपवर झाली आणि लग्नाला पैसा नाही. कुळाच्या प्रमुखपदी नवा माणूस बसवायचा आहे. किंवा मोठ्या घराचं छप्पर गळतंय. मरण, लग्न आणि मानाचं पद यांच्या पंगतीला गळकं छप्पर बसवलं आहे. त्या घराचं मोल एवढ्यावरूनच कळावं.

हे मोठं घर म्हणजे रुमाह गदांग. इंडोनेशियातल्या पश्चिम सुमात्राच्या डोंगराळ मुलखात, तानाह दातार, आगाम आणि लिमा पुलुह कोता या भागांत ही घरं दिसतात. मरापी या 2,891 मीटर उंचीच्या ज्वालामुखीच्या उतारावर परियांगान नावाचं गाव आहे. आपले पूर्वज इथूनच चहूकडे पसरले, असं मिनांगकाबाऊ मानतात. भाताची खाचरं पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरतात आणि मशिदीजवळच्या गरम झऱ्यांवर गाव आंघोळ करतं. सुपीक माती या डोंगराची आणि धोकाही त्याचाच. डिसेंबर 2023 मधल्या उद्रेकात 24 गिर्यारोहक गेले. पुढच्या मे महिन्यात मुसळधार पावसाने उतारावरची राख आणि दगडधोंडे ओढ्यांतून वस्त्यांवर आणून टाकले.

अशा जमिनीवर टिकायचं तर घराला हलता आलं पाहिजे. म्हणून खांब पुरत नाहीत, सपाट दगडांवर नुसते टेकवतात. लाकडं खिळ्यांऐवजी खाचा आणि खुंट्यांनी जोडतात, त्यामुळे भूकंपात सगळा सांगाडा एकत्र डुलतो. खांबांचं लाकूड आधी दीर्घकाळ तळ्याच्या चिखलात मुरवून ठेवायचं, म्हणजे कीड लागत नाही. भिंती वर जाताना बाहेर कलतात. आढं मधे वाकून दोन्ही टोकांना आभाळाकडे उचलतं, आणि त्या टोकांत लोकांना रेड्याची शिंगं दिसतात. छप्पर पूर्वी ताडाच्या जातीच्या झाडाच्या काळ्या तंतूंनी शाकारत. पुढच्या भिंतींवर नेच्याचं वेटोळं, बांबूचा कोंब, संध्याकाळी घरी परतणाऱ्या बदकांची रांग असं कोरीवकाम असतं. अंगणात भाताची कोठारं: एकातला भात रोजच्या जेवणाला, एकातला विकून बाजारहाट करायला आणि एक कोठार उपासमारीच्या दिवसांसाठी राखलेलं. त्यातून गावातल्या गरिबालाही मिळे.

घराचा खरा कारभार मात्र आतल्या मांडणीत आहे. पुढची बाजू लांबच लांब, मोकळी; बैठकी, जेवणावळी, लग्नं तिथे होतात. मागच्या बाजूला ओळीने खोल्या, आणि त्या लेकींच्या. नव्या जोडप्याला टोकाची खोली मिळते. पुढच्या बहिणीचं लग्न झालं की आधीची आपलं बोचकं उचलून स्वयंपाकघराच्या दिशेने एक खोली सरकते. असं सरकत सरकत बाई म्हातारपणी चुलीजवळ पोचते. तोवर घर तिच्या हाती आलेलं असतं. मुलीची पाठवणी या घरात होत नाही. नवराच तिच्याकडे येतो. पूर्वी तो रात्री येई आणि सकाळी आपल्या आईच्या शेतावर कामाला जाई. जावयाला बुंध्यावरची राख म्हणत, वारा आला की उडून जाणारी.

मुलग्याला या घरात खोली नाही. जरा मोठा झाला की तो रात्री सुराउत, म्हणजे गावातल्या प्रार्थनागृहात, झोपायला जाई. कुराण, सिलात ही युद्धकला, रीतीभाती तो तिथेच शिके. घटस्फोट झालेले पुरुष आणि म्हातारे विधुरही तिथेच परतत. ‘बायकांचं राज्य’ म्हणून या समाजाचं कौतुक करणाऱ्यांनी या म्हाताऱ्यांकडेही बघावं असं मला फार वाटतं. शिवाय राज्य हा शब्दही पुरता खरा नाही. जमीन बायकांची, पण कुळाच्या वतीने बोलणारा ममाक, म्हणजे आईचा भाऊ. आपल्याकडे मामा लग्नात भाचीच्या पाठीशी उभा राहतो. तिथे तो भाचरांच्या पाठीशी जन्मभर उभा असतो. कुळाची पदवीही मामाकडून भाच्याकडे जाते.

ज्याला घरी खोली नाही तो बाहेर पडणारच. तरुणांनी परमुलखात जाऊन नशीब काढायची ही रीत म्हणजे मरांताउ. इंडोनेशियाच्या गावोगावी दिसणाऱ्या पादांग खानावळी तिच्यातूनच उभ्या राहिल्या. सगळ्या बशा टेबलावर मांडायच्या आणि खाल्लं तेवढ्याचेच पैसे घ्यायचे, ही तिथली पद्धत. नारळाच्या दुधात आटवून आटवून कोरडं केलेलं रेनदांग हे मांस दीर्घकाळ टिकतं, त्यामुळे प्रवासाच्या शिदोरीला उत्तम. याच मुलखाने देशाला माणसंही दिली. पहिले उपराष्ट्राध्यक्ष मोहम्मद हात्ता 1902 मध्ये बुकितिंगीत जन्मले आणि पहिले पंतप्रधान सुतान शाहरीर 1909 मध्ये पादांग पांजांगमध्ये. कोतो गदांगच्या रोहाना कुदुस यांनी 1911 मध्ये गावात मुलींसाठी हस्तकलेची शाळा काढली आणि पुढच्याच वर्षी बायकांचं वर्तमानपत्र चालवायला घेतलं. घर मुलींचं असलं तरी शिक्षण त्यांना लढूनच मिळवावं लागलं.

हे लोक कट्टर मुसलमान, आणि वारसा आईकडून. हा पेच सोपा नव्हता. याच मुलखातून मक्केला जाऊन इमाम झालेल्या अहमद खतीब यांनी या वारसापद्धतीवर कडाडून टीका केली होती. 1952 मध्ये बुकितिंगीच्या सभेत धर्मपंडित, कुळप्रमुख आणि सुशिक्षित एकत्र बसले. त्यांनी ठरवलं की पूर्वापार चालत आलेली मालमत्ता रीतीप्रमाणे लेकींच्या वंशात राहील आणि स्वतः कमावलेली शरियतीप्रमाणे मुलांना मिळेल. दोन्ही बाजूंचा मान राखणारी ही तोड मला शहाणपणाची वाटते.

धर्माच्या या पेचापेक्षा मोठा घाव सरकारी कायद्याने घातला. मिनांगकाबाऊ गाव म्हणजे नगारी. रीतीनुसार तिथे निदान चार कुळं, मशीद आणि पंचायतीची जागा हवी. 1979 च्या ग्रामकायद्याने देशभर एकाच साच्याची खेडी ठरवली. पश्चिम सुमात्रात 1983 पासून 500 हून अधिक नगारींचे तुकडे पडून 3,000 वर खेडी झाली. हे तुकडे पाडण्यामागे प्रत्येक खेड्याला मिळणाऱ्या अनुदानाचा हिशोबही होता. पण शेतं आणि पाट कुळांचेच राहिले, आणि त्यांचे तंटे मिटवायला खेड्याचा सरकारी मुखिया पुरा पडेना. 2000 मध्ये प्रांताने नगारी परत आणली.

घरांवर आता बहुतेक ठिकाणी पत्रा आहे, कारण तंतूंची शाकारणी महाग आणि जाणते कारागीर थोडे. बहिणी शेजारीच, कुळाच्या त्याच जमिनीवर, सिमेंटची छोटी घरं बांधतात. तिथे नवरा-बायको-मुलं वेगळी राहतात आणि बाप मुलांचा अभ्यास घेतो. मोठं घर एखादी मावशी सांभाळते. तरी लग्नाची जेवणं त्याच लांब दालनात होतात आणि नव्या कुळप्रमुखाला पदवीही तिथेच मिळते. ईदला जाकार्ताहून आलेले भाचे जमिनीवर मांडी घालून बसतात. कोणतं खाचर यंदा कोणती मावशी कसते आहे आणि पाटाच्या दुरुस्तीला कोणी किती द्यायचे, हे मामा त्यांना सांगतो.