रक्तवाहिनीचें अस्तर

नागपुराहून हिंगण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर डिगडोहच्या टेकडीवर १९९० सालीं स्थापन झालेलें वैद्यकीय महाविद्यालय व त्याचें लता मंगेशकर रुग्णालय आहे. त्याच परिसरांत औद्योगिक वसाहतीचे कारखाने पसरले आहेत. कारखान्याच्या आवारांत उघड्यावर पडलेल्या लोखंडास पावसाळ्यांत गंज चढतो, हें आपण पाहतों. डब्याच्या तळाशीं राहिलेलें तेल खवट होतें, हेंहि गृहिणींस ठाऊक आहे. हीं दोन्ही कामें प्राणवायूचीं. ज्याच्यावांचून आपला क्षणभर निभाव लागत नाहीं, तोच प्राणवायु हृदयाच्या रक्तवाहिन्यांतहि अशीच करणी करतो. ती कशी, हें आज पाहावयाचें आहे.

हृदय साऱ्या देहास रक्त पुरवितें. परंतु त्याच्या स्वतःच्या स्नायूस रक्त मिळतें तें त्याला मुकुटाप्रमाणें वेढणाऱ्या रोहिण्यांतून. या रोहिण्या अरुंद झाल्या कीं चालतांना छातींत कळ येते; एखादी अजिबात बंद झाली कीं झटका येतो. नळांत गाळ सांचावा तशी चरबी सांचून हें घडतें, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. रोहिणी ही निर्जीव नळी नव्हे. तिच्या आंतल्या अंगास पेशींच्या एकाच थराचें अतिशय पातळ अस्तर असतें, आणि रोहिणीचें आरोग्य तें या अस्तरावर अवलंबून असतें.

या अस्तराचें महत्त्व कळलें तें एका गोंधळामुळें. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट हे सशाच्या महारोहिणीच्या पट्ट्यांवर प्रयोग करीत. असिटिलकोलीन नांवाचें द्रव्य लावलें असतां पट्टी आकसे. पण एकदां ती सैल पडली. शोध घेतां आढळलें कीं, पूर्वीं पट्टी तयार करतांना आंतलें अस्तर घांसून निघून जात असे. अस्तर शाबूत असेल तर पट्टी सैल पडते, नसेल तर आकसते. हें १९८० सालीं प्रसिद्ध झालें. अस्तर स्नायूस जो निरोप धाडतें तो म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायु, हें १९८७ सालीं ठरलें. आणि १९९८ सालचें नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नारो व मुराद या तिघांस मिळालें. छातींत कळ आल्यास जिभेखालीं ठेवावयाची नायट्रोग्लिसरिनची गोळी शरीरांत हाच वायु पुरविते. त्याच द्रव्यापासून डायनामाइट बनवून धनवान झालेल्या आल्फ्रेड नोबेल यांस उतारवयांत डॉक्टरांनीं तेंच औषध सांगितलें होतें!

आतां गंजाकडे वळूं. पेशींत अन्न जळतांना प्राणवायूचे कांहीं रेणू अर्धवट राहतात. एक जादा विद्युत्कण घेतलेला असा उनाड रेणु म्हणजे सुपरऑक्साइड. त्यास आवरण्यासाठीं शरीरानें पहारेकरी नेमलेले आहेत. त्यांपैकीं एक एन्झाइम १९६९ सालीं मॅककॉर्ड व फ्रिडोविच यांनीं ओळखलें. उनाडांची संख्या पहारेकऱ्यांच्या आटोक्याबाहेर गेली म्हणजे त्या अवस्थेस ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात. सुपरऑक्साइडनें नायट्रिक ऑक्साइडला गांठतांच दोहोंचें मिळून पेरॉक्सिनायट्राइट हें दाहक द्रव्य होतें, आणि अस्तराचा निरोप वाटेंतच बुडतो. रोहिणी सैल पडेनाशी होते. अस्तर चिकट बनतें. कोलेस्टेरॉल वाहणारे रक्तांतले कण त्याखालीं शिरून तेलासारखे खवट होतात. पांढऱ्या पेशी हें खवट द्रव्य गिळून तेथेंच फुगून बसतात, आणि भिंतींत गळवासारखा उंचवटा तयार होतो. तो फुटला कीं वर रक्ताची गुठळी जमते व रोहिणी बंद पडते.

हा ताण कशानें वाढतो? तंबाखूच्या धुरानें, मधुमेहानें, वाढलेल्या रक्तदाबानें व कोलेस्टेरॉलनें. धूर नको म्हणून खर्रा घोटून खाणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींनीं हेंहि ऐकावें : ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट पाहणींत नुसती तंबाखू चघळणाऱ्यांतहि झटक्याचा धोका दुपटीहून अधिक आढळला, असें २००६ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच पाहणींत दक्षिण आशियांतल्या लोकांस पहिला झटका येण्याचें वय साधारणतः ५३, म्हणजे इतरांहून पांचसहा वर्षें अलीकडचें निघालें.

मग गंज रोखणाऱ्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या घ्याव्या काय? कल्पना मोठी सुटसुटीत होती. परंतु ब्रिटनमध्यें वीस हजारांहून अधिक लोकांवर प्रयोग झाला. निम्म्यांस पांच वर्षें ई व क जीवनसत्त्वें आणि बीटा-कॅरोटीन दिलें. त्यानें हृदयविकार कमी झाला नाहीं, असा निकाल २००२ सालीं लागला. रोगाची वाट कळली म्हणजे औषध सांपडलें असें होत नाहीं. शिवाय रोगजंतु मारण्यासाठीं हेच उनाड रेणू शरीर मुद्दाम बनवितें. तेव्हां नागपुरी संत्रें फळ म्हणून आनंदानें खावें. तें औषध समजून रक्तदाबाची गोळी सोडूं नये.

उपाय जुनेच आहेत. त्यांचें कारण मात्र आतां उमगलें आहे. चालण्यानें रक्ताचा वेग वाढतो, तें अस्तरास घांसून वाहतें, आणि त्या स्पर्शानेंच अस्तर अधिक नायट्रिक ऑक्साइड सोडतें. तंबाखू सोडली कीं अस्तरावरचा मोठा मारा थांबतो. रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल डॉक्टरांच्या सल्ल्यानें आटोक्यांत ठेवावें. आणि छातीवर दडपण येऊन घाम फुटला, डावा हात भरून आला, तर ‘वायु धरला असेल’ म्हणून ओवा चावीत बसूं नये. ताबडतोब रुग्णालय गांठावें. बंद रोहिणीपुढचा स्नायु तासागणिक मरत जातो, आणि गेलेला स्नायु परत येत नाहीं.