मोहाडीची तळटीप

संपादकांचा प्रश्न साधा होता. मोहाडीसारख्या तालुक्याच्या गावी दवाखान्यात जे घडतं, त्यावर आरोग्य-कायद्याचा लेख लिहिला तर तो छापतो कोण आणि छापून यायला काय काय लागतं? उत्तरासाठी मी गेलो नागपूरला. मोहाडी तालुक्यातलीच एक मुलगी तिथे कायद्याच्या चौथ्या वर्षाला आहे आणि विद्यार्थ्यांनीच चालवलेल्या एका नियतकालिकाच्या संपादक मंडळात आहे. नाव छापू नका म्हणाली. ज्यांचे लेख साभार परत केले, ते सगळे फोन करतील.

परंपरा अमेरिकेतली. हार्वर्ड लॉ रिव्ह्यू 1887 पासून विद्यार्थीच काढतात. बंगळूर, कोलकाता इथल्या विधी विद्यापीठांतही तीच रीत आली. शल्यविशारदाचा शोधनिबंध एमबीबीएसच्या पोरांनी तपासलेला कोणी खपवून घेणार नाही. कायद्यात मात्र विशीतली मुलं प्राध्यापकांना ‘हे वाक्य सिद्ध करा’ म्हणतात. अमेरिकेत लेखक एकच लेख एकाच वेळी अनेक ठिकाणी धाडतो आणि एकाचा होकार आला की तो दाखवून वरच्या दर्जाच्या नियतकालिकाला घाई करतो. हिच्याकडे तसं चालत नाही. लेख दुसरीकडे दिलेला नाही असं लिहून द्यावं लागतं. फाइलवर लेखकाचं नाव नको, फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्येही नको. निम्मे लोक तिथेच अडकतात.

मला खिळवून ठेवलं ते तळटिपांच्या तपासणीनं. डाव्या बाजूला लेख, उजव्या बाजूला मूळ दस्तऐवज, अशी एकेक टीप ती उघडते. निकालाचा परिच्छेद क्रमांक जुळतो का, अवतरणातला स्वल्पविराम मुळात आहे का, न्यायाधीशांनी ते खरंच म्हटलंय की समोरच्या वकिलाचा युक्तिवाद लेखकानं त्यांच्या तोंडी घातलाय? हा शेवटचा घोटाळा ती सर्रास पकडते. पगार शून्य. माझ्या आयुष्यातला एकही लेख इतक्या मायेनं कोणी वाचलेला नाही.

मी पाहिला त्या मसुद्याचा विषय शवविच्छेदन आणि न्यायवैद्यकीय तपासणीचा. मोहाडी तालुक्याला हा विषय नवा नाही. खैरलांजी याच तालुक्यातलं. 29 सप्टेंबर 2006 ला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची तिथे हत्या झाली, आणि पहिल्या शवविच्छेदनावर इतके आक्षेप आले की पुरलेले मृतदेह बाहेर काढून पुन्हा तपासावे लागले. पुढे सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांतल्या वैद्यकीय तपासणीचा दर्जा किती वाईट असतो, यावर सविस्तर अहवाल लिहिला. 2010 मध्ये हा प्रश्न जनहित याचिकेतून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला, आणि 2013 साली राज्यानं तपासणीची नवी पद्धत ठरवून दिली. हातचं काम टाकून अहवाल लिहिणारा एक डॉक्टर काय करू शकतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला विदर्भात माहीत नाही.

हिच्या टेबलावरच्या लेखाचं घोडं मात्र एका टिपेपाशी अडलं होतं. तिथे नुसतं लिहिलेलं: ‘रुग्णालयाची नोंद’. कुठलं रजिस्टर? एमएलसीचं, म्हणजे न्यायवैद्यकीय प्रकरणांचं, की ओपीडीचं? पान, तारीख? नोंद मिळाली कशी? लेखकाचं उत्तर आलं, मित्रानं मोबाइलवर फोटो पाठवला. म्हणजे टीप बाद, आणि तिच्यावर उभा असलेला परिच्छेदही बाद. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा, असं तिनं सुचवलं. तीस दिवसांनी उत्तर येतं, ते बहुधा ‘त्रयस्थ व्यक्तीची खासगी माहिती’ म्हणून नकाराचं. मग पहिलं अपील. रुग्णांशी बोलून लिहावं म्हटलं तर नीतिमत्ता समितीची परवानगी लागते. अशा समित्या वैद्यकीय महाविद्यालयांत असतात, कायद्याच्या विद्यार्थ्यानं कुणाचं दार ठोठावायचं?

शासन निर्णयांचं दुखणं वेगळं. ते मराठीत निघतात, शेवटी अठरा आकडी संगणक संकेतांक असतो, आणि तो टाकला की मूळ कागद सापडतो. याहून पक्का पुरावा कुठला? पण संदर्भ देण्याचे नियम इंग्रजी कागद गृहीत धरून केलेले. लेखक मग मूळ निर्णय सोडून त्यावरच्या इंग्रजी वर्तमानपत्राच्या बातमीचा हवाला देतो, कारण तो तपासणाऱ्याला वाचता येतो. बातमीत निर्णयातलं एक कलम गळलेलं असतं आणि लेखातूनही ते गळतं. मला ही व्यवस्था उफराटी वाटते, आणि तिलाही.

एवढ्यात व्हॉट्सअॅपवर जाहिराती येत असतातच: पैसे भरा, तीन दिवसांत लेख छापून प्रमाणपत्र घ्या. तिथे तळटीप कोणी उघडून पाहत नाही. कंटाळलेला लेखक तिकडे वळला तर मी त्याला फार बोल लावणार नाही, तिनं मात्र लावला.

तिनं यंदा नियमावलीत एक पोटकलम घालून घेतलं: मराठी दस्तऐवजाचा संकेतांक द्यावा, मूळ मजकूर देवनागरीत जोडावा, भाषांतर लेखकाच्या जबाबदारीवर. मंडळ दर वर्षी बदलतं. परीक्षा झाली की ती बाहेर पडेल. पुढच्या मंडळात मराठी वाचणारं कोण आहे, असं मी विचारलं. लातूरचा एक मुलगा आहे म्हणाली, चांगला आहे, पण तो पहिल्या वर्षाला आणि मंडळात दुसऱ्या वर्षापासून घेतात. तोवर मोहाडीचा लेख ‘प्रलंबित’ या फोल्डरमध्ये राहील.