मर्सिडीजला मर्सिडीजच नडली, म्हणून म्हाताऱ्या गाडीत १५ व्या वर्षी नवं इंजिन बसवावं लागलं

ओळखीचं कुणी दुबईला निघालं की त्याला फोन जातोच, "येताना आयफोन घेऊन ये, तिकडं स्वस्त पडतो." कंपनीची दुकानं इथंही असतात, तरी लोक वळसा घालतात. यालाच ग्रे मार्केट म्हणतात. माल चोरीचा नसतो, नकली नसतो. कंपनीनं ठरवलेल्या वाटेनं तो आलेला नसतो, एवढंच.

१९८० च्या दशकात अमेरिकेतल्या श्रीमंत लोकांनी हाच प्रकार मर्सिडीजच्या बाबतीत केला. जर्मनीतून परस्पर गाड्या मागवल्या. पैसे वाचत होते हे एक कारण होतंच. पण दुसरं कारण कंपनीला जास्त झोंबणारं होतं. तेच नाव आणि तीच बॉडी असलेली गाडी जर्मनीत जास्त भारी मिळत होती.

गाडी होती मर्सिडीज एसएल. दोन सीटची, छत काढता येणारी.

गाडी कुठली, एवढी फेमस कशी झाली?

एसएलची ही पिढी १९७१ मध्ये आली. कंपनीच्या आतल्या भाषेत तिचा कोड आर१०७. उन्हाळ्यात कापडी छत दुमडून मागच्या झाकणाखाली ठेवायचं, थंडीत वरून धातूचं कडक छत बसवायचं, अशी सोय होती.

गाडी दिसायला देखणी होतीच, पण आतलं काम जास्त विचार करून केलेलं होतं. उघड्या गाड्यांवर अमेरिकेत बंदी येईल अशी त्या काळात भीती होती. म्हणून पुढच्या काचेची चौकट मुद्दाम मजबूत केली, गाडी उलटली तरी माणूस चिरडू नये म्हणून. मागच्या लाईटवर आडव्या खाचा दिल्या. चिखल उडाला तरी खाचांमधला भाग स्वच्छ राहतो आणि मागच्याला लाईट दिसतो.

बंदी शेवटी आली नाही, पण अमेरिकी कंपन्यांनी उघड्या गाड्या बनवणंच सोडलं. कॅडिलॅकनं १९७६ मध्ये एल्डोराडोची उघडी गाडी बंद केली. त्यामुळं या किमतीत लोकांपुढं फारसे पर्याय उरले नाहीत. त्यात 'डॅलस' या गाजलेल्या सिरियलमधला बॉबी युइंग लाल एसएल चालवताना दिसायचा. पैसा आला की एसएल घ्यायची, असं समीकरणच झालं.

मग घोळ कुठं झाला?

१९७३ मध्ये तेलाचं संकट आलं. १९७५ मध्ये अमेरिकेनं कायदा केला की प्रत्येक कंपनीच्या सगळ्या गाड्यांचं सरासरी मायलेज ठरलेल्या आकड्याच्या वर हवं. धुराचे नियमही कडक होत गेले. ते पाळायचे म्हणजे त्या काळच्या तंत्रज्ञानात इंजिनाचा दम काढून घ्यावा लागायचा.

अमेरिकेतली ४५० एसएल सुरुवातीला १९० हॉर्सपॉवरची होती. १९८० पर्यंत ती १६० वर आली. १९८१ मध्ये मायलेजसाठी तिच्या जागी लहान इंजिनाची ३८० एसएल आणली, तिची ताकद १५५ हॉर्सपॉवर. म्हणजे दहा वर्षं जुन्या गाडीचं नवीन मॉडेल आधीच्या मॉडेलपेक्षा कमजोर.

युरोपात काय चाललं होतं? तिथं १९८० पासून ५०० एसएल मिळत होती. पाच लिटरचं व्ही-८ इंजिन आणि ताकद २३० ते २४० हॉर्सपॉवर. अमेरिकेतल्या गाडीला नियमांमुळं जाडजूड बंपर आणि चार गोल हेडलाईट होते, तर युरोपातली गाडी सुटसुटीत बंपरची आणि जास्त देखणी होती.

डॉलरनं आगीत तेल ओतलं

१९८० मध्ये एका डॉलरला साधारण १.८ जर्मन मार्क मिळायचे. १९८५ च्या सुरुवातीला हा आकडा ३.४ च्या जवळ गेला. म्हणजे अमेरिकी माणसासाठी जर्मनीतली वस्तू जवळपास अर्ध्या किमतीत आली.

मग लोकांनी हिशोब मांडला. जर्मनीत ५०० एसएल घ्यायची, जहाजानं आणायची, कस्टमकडं बाँड भरायचा. त्यानंतर एखाद्या वर्कशॉपमध्ये तिला अमेरिकी नियमात बसवायची. दारात लोखंडी पट्ट्या, धूर कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, मैल दाखवणारा स्पीडोमीटर असे बदल करून घ्यायचे. एवढं सगळं करूनही पैसे वाचायचे आणि ताकदीची गाडी मिळायची ते वेगळंच.

अशा हजारो गाड्या अमेरिकेत आल्या. एसएलचं सगळ्यात मोठं मार्केट अमेरिका, आणि तिथंच कंपनीच्या अधिकृत डीलरचं गिऱ्हाईक कंपनीचीच गाडी पळवत होती. त्यात एक धोकाही होता. काही वर्कशॉप काम नीट करायचे, काही कागदावरच. दाराच्या आत पट्टी खरंच बसवलीये का, हे मालकाला अपघात झाल्यावरच कळणार.

कंपनीनं काय केलं?

नवीन पिढीच्या एसएलवर काम सुरू होतं, पण ती यायला अजून काही वर्षं होती. तोपर्यंत जुन्या गाडीवरच भागवायचं होतं. बॉडी बदलायची म्हणजे नवे साचे, नव्या क्रॅश टेस्ट आणि प्रचंड खर्च, तोही लवकरच बंद होणाऱ्या गाडीवर. म्हणून बॉडीला जवळपास हात न लावता आतली गाडी बदलायचं ठरलं.

१९८५ मध्ये फ्रँकफर्टच्या ऑटो शोमध्ये सुधारलेली एसएल दाखवली गेली आणि १९८६ च्या मॉडेलपासून अमेरिकेत ५६० एसएल आली. तिच्यात कंपनीच्या मोठ्या एस-क्लास गाड्यांमधलं साडेपाच लिटरचं व्ही-८ इंजिन होतं. ताकद १५५ वरून थेट २२७ हॉर्सपॉवर, म्हणजे जवळपास ४५ टक्के वाढ. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कारखान्यातूनच बसवलेला, त्यामुळं वर्कशॉपची भानगड संपली.

वाढलेला वेग पेलायला पुढचा ॲक्सल सुधारला आणि चाकं १४ ची १५ इंची केली. जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारं एबीएस आणि ड्रायव्हरसाठी एअरबॅगही दिली, दोन्ही जादा पैसे न घेता. १९८६ मध्ये एअरबॅग ही बहुतेक गाड्यांत ऐकायलाही मिळत नव्हती.

बाहेरून मात्र पुढचा छोटा स्पॉयलर सोडला तर गाडी १९७१ चीच वाटायची. छत हातानंच काढावं लागायचं आणि पेट्रोल ती भरपूर प्यायची.

आणि समोर कॅडिलॅक उभी राहिली

त्याच सुमारास कॅडिलॅकनं एसएलला टक्कर द्यायला एकदम कोरी गाडी आणली, १९८७ ची अलांटे. तिची बॉडी इटलीत तुरीनला पिनिनफारिना कंपनी बनवायची. तिथून ५६ बॉडी एका बोईंग ७४७ विमानात भरून डेट्रॉईटला आणायच्या आणि तिथं इंजिन बसवायचं. किंमत ५४,७०० डॉलर.

दिसायला अलांटे नवी होती, पण इंजिन १७० हॉर्सपॉवरचं. छत गळतं अशाही तक्रारी आल्या. कॅडिलॅकनं १९८९ मध्ये ताकद वाढवून २०० केली आणि १९९३ मध्ये २९५ हॉर्सपॉवरचं जबरदस्त इंजिन दिलं. पण ते तिचं शेवटचं वर्ष ठरलं. लोकांना हवी होती ती अलांटे तयार झाली, तोवर तिचा गाशा गुंडाळायची वेळ आली होती.

सात वर्षांत अलांटे साधारण २१ हजार बनल्या. म्हातारी ५६० एसएल चार वर्षांत ४९ हजारांहून जास्त बनली. तेही किंमत ४८ हजार डॉलरवरून १९८९ पर्यंत ६४ हजारांच्या घरात गेलेली असताना.

सगळं श्रेय इंजिनाचं का?

नाही. १९८५ च्या सप्टेंबरमध्ये मोठ्या देशांनी डॉलर खाली आणायचा करार केला आणि जर्मनीतून गाडी आणण्यातला फायदाच आटत गेला. दुसरीकडं कंपनी आणि डीलर ग्रे मार्केटविरुद्ध सरकारदरबारी जोर लावत होते. १९८८ मध्ये अमेरिकेनं कायदा केला, ज्यानं खासगी माणसाला परदेशी गाडी आणणं जवळपास अशक्य झालं. अमेरिकी नियमात न बसणारी गाडी २५ वर्षं जुनी झाल्यावरच सहज आणता येते, हा आजचा नियम तिथूनच आला.

म्हणजे गिऱ्हाईकाला हवं ते कंपनीनं दिलं, आणि पुन्हा बाहेर जाऊ नये म्हणून दारही लागलं.

१९८९ मध्ये नवी एसएल आली. बटण दाबलं की छत आपोआप उघडायचं आणि गाडी उलटायला लागली की ०.३ सेकंदात संरक्षक कमान वर यायची. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आर१०७ बंद झाली. १८ वर्षांत एकूण २,३७,२८७ गाड्या बनल्या होत्या.

यातली गंमत म्हणजे ५६० एसएल कंपनीनं युरोपात विकलीच नाही. त्यामुळं आज जर्मनीतले शौकीन ती अमेरिकेतून मागवतात आणि घरी आल्यावर तिचे जाडजूड बंपर आणि गोल हेडलाईट काढून युरोपातले बसवतात.